डी अँड डीमधला 'रोग' म्हणजे नेमकं कोण? थापाड्या पात्र कसं घडवायचं, तेही दोस्ती न तोडता

'रोग' म्हटलं की आपल्याला आधी दवाखाना आठवतो. पण 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये कुणी "यावेळी मी रोग घेतोय" असं म्हणालं, की बाकीचे एकमेकांकडे बघतात आणि आपापल्या पात्रांची सोन्याची नाणी मोजून ठेवतात.

हा 'रोग' इंग्रजीतला आहे. त्याचा अर्थ भामटा, ठक, लबाड. या लेखात आपण त्याला भामटाच म्हणू, म्हणजे आजाराशी गल्लत होणार नाही.

कुलपं उघडणारा, अंधारातून वार करणारा भामटा बनवणं सोपं आहे. पण ज्याचं मुख्य हत्यार जीभ आहे, असा भामटा बनवायचा असेल तर? इथे बरेच नवे खेळाडू दोनपैकी एका खड्ड्यात पडतात. काहींचं पात्र कागदावर पक्कं लबाड असतं, पण प्रत्यक्ष खेळात त्याला खोटं बोलायची वेळच येत नाही. आणि काहींचं पात्र इतकं खोटं बोलतं की चौथ्या-पाचव्या बैठकीनंतर ग्रुपमधले मित्रच वैतागतात.

हे दोन्ही टाळता येतं. कसं, ते समजून घेऊ.

आधी थोडक्यात: डी अँड डी काय आहे?

डी अँड डी हा टेबलाभोवती बसून, गप्पा मारत खेळायचा गोष्टीचा खेळ आहे. एकजण 'डंजन मास्टर' म्हणजे डीएम होतो. तो जग उभं करतो, पहारेकऱ्यापासून राजापर्यंत सगळ्यांच्या भूमिका करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. पात्र काय करतंय हे खेळाडू सांगतो, आणि निकाल अनिश्चित असेल तर वीस बाजूंचा फासा टाकला जातो. फाशावरच्या आकड्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवायचा. बेरीज पुरेशी झाली तर काम फत्ते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकन डिझायनरांनी १९७४मध्ये हा खेळ बाजारात आणला. अलीकडे 'स्ट्रेंजर थिंग्स' ही मालिका, २०२३चा 'ऑनर अमंग थीव्ह्ज' हा सिनेमा आणि त्याच वर्षीचा 'बॉल्डर्स गेट ३' हा व्हिडिओ गेम यांमुळे तो अनेकांच्या फीडवर पोहोचला.

भामटा या खेळात आला कुठून?

१९७४च्या पहिल्या डब्यात भामटा नव्हताच. लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू असे तीनच प्रकार होते. 'थीफ' म्हणजे चोर हा प्रकार १९७५च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीतून आला. त्याचं काम ठरलेलं: कुलूप उघड, सापळा शोध, भिंत चढ, खिसा काप.

२०००मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत या प्रकाराचं नाव 'थीफ'वरून 'रोग' झालं. बदल फक्त नावाचा नव्हता. चोर म्हटलं की धंदा ठरतो. रोग म्हटलं की स्वभाव ठरतो. हेर, जुगारी, तोतया, दलाल, दरबारातला कानभरू, हे सगळे आता एकाच छत्रीखाली बसू लागले. आपल्याला हवा असलेला बोलबच्चन भामटा याच छत्रीखालचा आहे.

कागदावरची तयारी: आकडे कुठे टाकायचे?

सध्या बहुतेक ग्रुप पाचव्या आवृत्तीचे २०१४चे किंवा २०२४चे नियम वापरतात. आपण २०२४चे नियम धरून एक नमुना पात्र घडवू. तिचं नाव ठेवू सेरा.

पात्राच्या सहा मूळ क्षमतांसाठी १५, १४, १३, १२, १०, ८ असे तयार आकडे मिळतात. सेरासाठी ते असे वाटता येतील:

- डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई: १५
- करिश्मा म्हणजे छाप पाडण्याची ताकद: १४
- कॉन्स्टिट्यूशन म्हणजे काटकपणा: १३
- विस्डम म्हणजे जाण: १२
- इंटेलिजन्स म्हणजे बुद्धी: १०
- स्ट्रेंग्थ म्हणजे अंगबळ: ८

आता पार्श्वभूमी. 'शार्लटन' म्हणजे तोतया ही पार्श्वभूमी जणू याच कामासाठी बनवली आहे. २०२४च्या नियमांत ती डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन आणि करिश्मा यांपैकी एकाला २ आणि दुसऱ्याला १ अशी वाढ देते. करिश्माला २ आणि डेक्स्टेरिटीला १ दिला की दोन्ही १६ होतात. म्हणजे जीभही चालते आणि खंजीरही.

शार्लटनमुळे दोन कौशल्यं आपोआप मिळतात: डिसेप्शन म्हणजे थाप पचवणं, आणि स्लाइट ऑफ हँड म्हणजे हातचलाखी. सोबत खोटी कागदपत्रं बनवण्याचं साहित्य वापरता येतं. भामटा म्हणून आणखी चार कौशल्यं निवडायची असतात. इथे परसुएशन म्हणजे समजूत घालणं, इनसाइट म्हणजे समोरच्याला ओळखणं, परसेप्शन म्हणजे बारीक नजर आणि स्टेल्थ म्हणजे चाहूल न लागू देणं, ही चौकडी घ्या.

यातलं इनसाइट अनेकजण विसरतात. पण चांगला थापाड्या आधी ऐकतो. समोरच्याला काय हवंय हे कळलं, तर थाप अर्धी तयारच असते.

'एक्सपर्टीज'ने किती फरक पडतो? गणित बघा

भामट्याला पहिल्याच पातळीवर दोन कौशल्यांत 'एक्सपर्टीज' मिळते. म्हणजे त्या कौशल्याच्या सरावाचा आकडा दुप्पट होतो. सेरा ती डिसेप्शन आणि इनसाइटमध्ये घेईल.

करिश्मा १६ म्हणजे अधिक ३. पहिल्या पातळीवर सरावाचे २, ते दुप्पट होऊन ४. एकूण अधिक ७.

आता समजा, सेरा नगराच्या वेशीवर पहारेकऱ्याला थाप मारतेय. २०१४च्या नियमांप्रमाणे दोघं फासा टाकतात: तिचं डिसेप्शन, त्याचं इनसाइट. साध्या पहारेकऱ्याचं इनसाइट शून्य धरलं, तर सगळ्या शक्यता मोजल्यावर ती १००पैकी साधारण ७७ वेळा जिंकते. तिच्याकडे डिसेप्शनचं काहीच शिक्षण नसतं आणि फक्त करिश्माचे ३ असते, तर हाच आकडा ६२च्या आसपास राहिला असता.

समोर अधिक ४ इनसाइट असलेला मुरलेला सरदार असेल, तर एक्सपर्टीज असूनही सेरा १००पैकी ६२ वेळाच जिंकते. शिक्षण नसेल तर ४३ वेळा.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, एक्सपर्टीज खरंच कामाची आहे. दोन, ती असली तरी चारातली एखादी थाप पहारेकऱ्यासमोरही फसते. म्हणून प्रत्येक थापेसोबत "पकडली गेले तर काय?" याचं उत्तर तयार हवं. गोष्टीतली मजा बऱ्याचदा त्या फसलेल्या थापेतच असते.

पुढे भामट्याला 'रिलायबल टॅलेंट' मिळतं, २०१४च्या नियमांत ११व्या पातळीवर आणि २०२४च्या नियमांत ७व्या. त्यानंतर सराव असलेल्या कौशल्यात फाशावर ९ किंवा त्याहून कमी पडलं तरी ते १० धरतात. इथून पुढे साध्यासुध्या लोकांसमोर तुमची थाप जवळपास फसतच नाही.

कोणता उपप्रकार घ्यायचा?

तिसऱ्या पातळीवर भामट्याचा उपप्रकार निवडायचा असतो. खोटेपणाच्या दृष्टीने हे चार बघण्यासारखे आहेत:

- मास्टरमाइंड: पडद्यामागचा सूत्रधार. एखाद्याचं बोलणं एक मिनिट ऐकलं की त्याच्या बोलण्याची ढब आणि हेल उचलतो. वेशांतराचं आणि खोट्या कागदांचं साहित्य वापरतो. १७व्या पातळीवर तर त्याचे विचार जादूने वाचताही येत नाहीत. हा उपप्रकार २०१७च्या 'झॅनाथार्स गाइड'मध्ये आहे. २०२४च्या मुख्य पुस्तकात नाही, त्यामुळे डीएमची परवानगी घ्या.
- असॅसिन: नाव मारेकऱ्याचं, पण आत एक तोतया दडलाय. २०१४च्या नियमांत ९व्या पातळीवर हा ७ दिवस आणि २५ सोन्याची नाणी खर्च करून नवी ओळख उभी करतो. कागदपत्रं, ओळखीपाळखी, सगळं काही.
- आर्केन ट्रिकस्टर: थोडी जादू येणारा भामटा. रूप बदलणारे, भुलवणारे, भास निर्माण करणारे मंत्र याच्या हाताशी असतात.
- स्वॉशबकलर: हा लपत नाही, चारचौघांत मिरवतो. करिश्माचा फायदा त्याला लढाईतही मिळतो.

अभिनय आणि कारस्थान आवडत असेल तर मास्टरमाइंड. पहिल्यांदाच खेळत असाल तर आर्केन ट्रिकस्टर, कारण जादू हाताशी असली की युक्त्या सुचायला मदत होते.

पण खोटं बोलायचं कशासाठी?

आकडे झाले. आता खरं काम. "माझं पात्र खोटारडं आहे" हे वर्णन झालं, पात्र नाही. पात्र व्हायला चार प्रश्नांची उत्तरं लागतात.

१. ती काय लपवतेय? गुपित एकच ठेवा, पण मोठं. सेरा स्वतःला एका बुडालेल्या उमराव घराण्याची शेवटची वारस म्हणवते. प्रत्यक्षात ती त्या घराण्याची मोलकरीण होती.

२. का लपवतेय? इथे 'पैशासाठी' हे उत्तर लवकर संपतं. भीती, लाज, प्रेम, सूड ही कारणं जास्त टिकतात. सेराच्या डोळ्यांदेखत ते घर जळलं. वाचलेल्या वारसाला शोधायला कुणीतरी फिरतंय. खरी वारस एक लहान मुलगी आहे, आणि सेरा तिचं नाव घेऊन फिरतेय, म्हणजे शोधणारे सेराच्या मागे लागतील. आता हेच खोटं लबाडी राहिलं नाही, ढाल झालं.

३. ती कुणाशी खोटं बोलत नाही? ही मर्यादा पात्राला कणा देते. सेरा लहान मुलांशी आणि नोकरमाणसांशी खोटं बोलत नाही. खेळात अशी माणसं समोर आली की तिची पंचाईत होते, आणि गोष्ट पुढे सरकते.

४. तिचं खोटं कुठून गळतं? बाकीच्यांना हाती लागेल असा एखादा धागा मुद्दाम सोडा. उमराव म्हणवणारी सेरा जेवण झालं की नकळत सगळ्यांची ताटं गोळा करते. तिसऱ्यांदा असं झालं की टेबलावरचं कुणीतरी "एक मिनिट" म्हणणारच.

याचं ताजं उदाहरण हवं असेल तर 'बॉल्डर्स गेट ३'मधला अस्टेरियन बघा. तो भामटा आहे आणि सुरुवातीला स्वतःबद्दल धड काही सांगत नाही. पण त्याच्या गुपिताच्या खुणा समोर येत राहतात. तो रक्तपिपासू व्हॅम्पायरचा गुलाम होता हे कळल्यावर खेळणाऱ्याला त्याच्या आधीच्या वागण्याचा अर्थ लागतो. गुपित फुटल्याने पात्र संपत नाही, उलट तिथून ते सुरू होतं.

मला अभिनय येत नाही. मग?

चालेल. तलवारबाजी न येणारा माणूस जसा लढवय्या खेळतो, तसाच थापा न जमणारा माणूस भामटा खेळू शकतो. फक्त डीएमला दोन गोष्टी नीट सांगा: तुम्हाला काय साधायचंय आणि त्यासाठी कोणती युक्ती वापरताय.

"मी पहारेकऱ्याला गंडवते" एवढं पुरेसं नाही. "मी धान्याच्या वखारीची तपासनीस असल्याचं भासवते, हातात वही धरते आणि उशीर झाला म्हणून त्याच्यावरच चिडते" हे पुरेसं आहे. एकही संवाद म्हटला नाही, तरी डीएमला चित्र दिसलं. चांगली युक्ती ऐकून बरेच डीएम दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची सवलत देतात.

थाप घडवताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. ती खऱ्याच्या जितकी जवळ तितकी बरी. तिच्यात एकच ठसठशीत तपशील हवा, दहा नकोत. आणि समोरच्याला ती खरी असावी असं वाटायला हवं. आळशी पहारेकऱ्याला "तुला आत यायची गरज नाही, मीच बघून येते" हे ऐकायला आवडतंच.

तुमचा ग्रुप मराठीत खेळत असेल, तर एक हत्यार फुकट मिळतं. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण. उमराव सेरा सगळ्यांना 'आपण' म्हणते आणि घाबरली की तिच्या तोंडून 'अगं बाई' निघतं. बोलीचा वापर तर बहुरूप्यासारखा करता येतो: दरबारात एक ढब, बाजारात दुसरी. फक्त एखाद्या बोलीची टिंगल होणार नाही हे बघा. ती बोली कदाचित तुमच्या शेजारी बसलेल्याच्या घरची असेल.

जादूनेच खोटं पकडलं तर?

या जगात 'झोन ऑफ ट्रूथ' नावाचा मंत्र आहे. १५ फुटांच्या परिघात, १० मिनिटं. ज्याला तो लागू पडला, त्याला जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही. आणि तो लागू पडला की नाही, हे मंत्र टाकणाऱ्याला कळतं.

भामट्याचा खेळ इथे संपतो असं वाटेल. पण मंत्राचे शब्द नीट वाचा. उत्तर देण्याची सक्ती नाही. गप्प राहता येतं, विषय टाळता येतो, आणि खरं पण अर्धवट बोलता येतं. महाभारतात धर्मराजाने अश्वत्थाम्याबद्दल जे केलं, तेच.

"तू त्या घराण्याची वारस आहेस का?" या प्रश्नावर सेरा म्हणू शकते, "त्या घरात मी लहानाची मोठी झाले. ते जळताना मी बघितलंय. अजून काय ऐकायचंय?" यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. असे प्रसंग येणारच, हे धरून दोन-तीन खरी वाक्यं आधीच तयार ठेवा.

मित्रांच्या पात्रांशी खोटं बोलायचं का?

इथेच ग्रुप तुटतात. भामटा सोबत्यांच्या पिशवीतून चोरी करतो, लूट लपवतो, शत्रूला खबर देतो. कुणी जाब विचारला तर खेळाडूचं ठरलेलं उत्तर: "माझं पात्र असंच वागेल ना!"

पण पात्र कुणी बनवलं? तुम्हीच. ते कसं वागेल हे तुम्ही ठरवलंय, त्यामुळे त्याची जबाबदारीही तुमचीच.

फरक लक्षात घ्या. सेरा तिच्या सोबत्यांशी खोटं बोलते, ही गोष्ट झाली. तुम्ही तुमच्या मित्रांचा तीन तासांचा वेळ आणि विश्वास वापरून एकट्यानेच मजा घेता, ही फसवणूक झाली. पहिलीसाठी सगळ्यांची संमती लागते. ती मिळवायची जागा म्हणजे 'सेशन झिरो', खेळ सुरू होण्याआधीची बैठक. तिथे हे विचारा:

- माझ्या पात्राकडे एक मोठं गुपित आहे. ते तुम्हाला खेळाडू म्हणून आधी कळलेलं आवडेल, की खेळताना?
- पात्रांनी एकमेकांची चोरी किंवा फसवणूक केलेली चालेल का? कुठपर्यंत?
- एका पात्राने दुसऱ्याला थाप मारली, तर निकाल कसा लावायचा?

शेवटच्या प्रश्नावर अनेक ग्रुप एक साधा नियम पाळतात: समोरच्या खेळाडूलाच ठरवू द्या. "सेराने असं सांगितलं. तुझ्या पात्राला पटतं का?" फासा टाकून मित्राच्या पात्राचं मत बदललं, तर त्याच्या हातात खेळायला उरलं काय?

बहुतेकदा खेळाडूंना गुपित आधी माहीत असलेलंच जास्त रंगतं. प्रेक्षकांना माहीत आहे, पात्राला नाही, ही नाटकातली जुनी युक्ती आहे. सेरा 'माझे आईसाहेब, आबासाहेब' म्हणत गहिवरते आणि टेबलावर सगळे हसू दाबतात. उलट डीएमशी मेसेजवर कुजबुजत सहा महिने जपलेलं गुपित बाहेर आलं की मित्र थक्क होतील असं आपल्याला वाटतं. होतात कधीकधी. पण कधीकधी ते विचारतात, "म्हणजे सहा महिने तू आम्हाला वेड्यात काढत होतास?"

गुपिताला मुदतही द्या. चार-पाच बैठकांत पहिला पापुद्रा निघायला हवा. गुपित फोडण्याची संधी डीएमला आणि सोबत्यांना द्या. त्यांनी पकडलं तर हरल्यासारखं वाटून घेऊ नका, तो त्यांच्या वाट्याचा आनंद आहे.

आणि एक गोष्ट: खेळातली भावना कधीकधी खेळाबाहेर झिरपते. याला 'ब्लीड' म्हणतात. पात्राने खाल्लेला धोका खेळाडूला खरंच लागू शकतो, विशेषतः आयुष्यात तसं घडलेलं असेल तर. म्हणून काही ग्रुप जॉन स्टाव्हरोपोलोस यांनी मांडलेलं 'एक्स-कार्ड' टेबलावर ठेवतात. कुणीही त्या कार्डाला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून द्यायचा, कारण विचारायचं नाही. ते नसेल तर निदान बैठक संपल्यावर पाच मिनिटं थांबा आणि विचारा, "मघाशी ते ठीक होतं ना?"

सुरुवात कुठून करायची?

पुस्तकं महाग वाटत असतील, तर आधी ती घ्यायची गरज नाही. खेळाचे मूळ नियम 'सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट' या नावाने मोफत उपलब्ध आहेत, आणि २०२३पासून ते क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. त्यात भामटा आणि त्याचा 'थीफ' हा उपप्रकार मिळतो. एखादी मोहीम सुरू करायला तेवढं पुरतं.

पात्र बनवून झालं की ग्रुपवर टाकण्याआधी स्वतःला एकच विचारा: हे गुपित फुटेल तेव्हा टेबलावरच्या किती जणांना मजा येईल? उत्तर 'फक्त मला' असेल, तर गुपित बदला. 'सगळ्यांना' असेल, तर फासे काढा आणि बिनधास्त थापा मारा.